हळद्याच्या घरट्यावरचं ऊन

दोरेकाकांचं खरं नाव फिल्टर प्लांटच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाहेर सगळ्यांसाठी ते दोरेकाका. त्यांच्या खिशात बारा महिने लोकरीचा गुंडा असायचा. लोकर जुनी, स्वेटर उसवून काढलेली, कारण नवी लोकर कोवळ्या सालीला काचते. रंग निळा किंवा करडा. लाल-पिवळ्याला पाखरं बिचकतात. घरातला कुठलाही स्वेटर सहसा दुसरा हिवाळा बघत नसे. बायको म्हणायची, "या घरात पाखरं उबेला आणि माणसं गारठ्यात."

लोकर कशासाठी, तर घरट्यांच्या फोटोंसाठी. घरट्यावर पानं असतात आणि पानं नेमकी फोटोत आडवी येतात. घाईतला माणूस सरळ कात्री लावतो. फोटो झकास येतो आणि घरटं उघडं पडतं, कावळ्यालाही आणि उन्हालाही. काका पानाला कात्री लावू देत नसत. आड येणारी डहाळी ते लोकरीने अलगद मागे बांधत, घड्याळ लावून वीस मिनिटं फोटो काढू देत आणि मग गाठ सोडून डहाळी होती तशी करत. गाठ त्यांची स्वतःची, एक टोक ओढलं की सुटणारी. नियमही त्यांचाच. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्याने हात लावला तर ओढाताणीत घरटं हलतं.

प्लांटवर ते वॉल्व्हमन होते, तीस वर्षं. दर दोन तासांनी चार मोठी चाकं फिरवायची, पाण्याची पातळी वहीत लिहायची, आणि मधल्या वेळात काही म्हणजे काही करायचं नाही. मधल्या वेळात बाकीचे पत्ते कुटत, काका टाकीच्या कठड्यावर बसून तलावाकडे बघत. बघून बघून त्यांना दिसायला लागलं. कुठल्या दगडाखाली पिल्लं आहेत, कुठली मादी उगाच लंगडत चालून माणसाला फसवते आहे, हे ते चहाचा कप खाली न ठेवता सांगू शकत. फोटोवाल्यांना हे कळायला वेळ लागला नाही. आधी एक आला, मग चार आले, मग निसर्ग छायाचित्रणाची अख्खी संस्था आली. संस्थेने त्यांना तपासनीस केलं. दरवर्षीच्या प्रदर्शनात घरट्याचा फोटो लागायचा असेल तर काका आधी त्या घरट्यापाशी जाऊन येणार, पिल्लं उडाली की नाही ते बघणार, आणि मगच कागदावर सही करणार. सहीशिवाय फोटो भिंतीवर चढत नसे.

ज्या माणसाला प्लांटवर साहेब नुसती टाळी वाजवून बोलावत, त्याच्या सहीसाठी आता वकील, डॉक्टर, कारखानदार ताटकळू लागले. काकांनी ती रांग कधी भरभर हलू दिली नाही.

नवे सभासद आले की काका त्यांना टाकीच्या कठड्यावर एका ओळीत बसवत.

"हा कॅमेरा केवढ्याचा, ते मला सांगू नका. पाखराला दाखवा, त्याला कौतुक वाटेल. हे बारा खिशांचं जाकीट कशाला? वाघ मारायला निघालात? लेन्स महत्त्वाची नाही. ऊन महत्त्वाचं नाही. तुम्ही पहाटे चारला उठलात, डास चावले, पाय भरून आले, यातलं काहीही महत्त्वाचं नाही. ते तुमचं तुमच्या बायकोला सांगा. तुम्ही उठून गेल्यावर मागे काय उरतं, तेवढंच महत्त्वाचं."

लोक हसत आणि वहीत लिहून घेत. काका खरं बोलत होते, यात शंका नाही. फक्त ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसे, ते पाखरांमुळे नसे.

दाताच्या डॉक्टरांचं प्रकरण तर अजून सांगितलं जातं. डॉक्टर साठीचे, सज्जन, डोळ्यांनी हळूहळू अधू होत चाललेले. पानांमधून पिल्लाचा डोळा दिसेना म्हणून त्यांनी एकदा दोन पानं खुडली. दोनच. काकांना देठाच्या जखमा सापडल्या. प्रदर्शनाच्या दिवशी, भरल्या सभागृहात, काकांनी ती डहाळी डॉक्टरांच्या, सही नाकारलेल्या फोटोशेजारी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, दात उपटल्यासारखी पानं उपटलीत. बिल कोणाला देणार, पिल्लाला?"

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले, कारण दुसरं काय करणार होते. त्यानंतर ते कधी तलावावर आले नाहीत. पुढे त्यांना अगदीच दिसेनासं झालं, तेव्हा काका म्हणाले, "चला, आता पानं आडवी येणार नाहीत." तेव्हाही लोक हसले, जरा कमी.

त्या सभागृहात शेवटच्या रांगेत काकांची लेक बसली होती, बारा वर्षांची. तीही हसली होती, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

ही लेक पुढे फोटोग्राफर झाली. म्हणजे एका फोटो स्टुडिओत नोकरीला लागली. कधी पासपोर्टचे फोटो, कधी तान्ह्या बाळांचे. आईबाप आठ-दहा दिवसांचं बाळ घेऊन येत. ती त्याला मऊ कापडात गुंडाळून काथ्याच्या टोपलीत झोपवायची. भोवती सुकं गवत आणि कापसाची पिसं. स्टुडिओत या टोपलीला घरटंच म्हणत. "घरटं आण गं, दुसरं बाळ आलं," असं मालकीणबाई ओरडल्या की लेक म्हणायची, "टोपली आणते." कारण खरं घरटं म्हणजे काय, हे तिला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून माहीत होतं.

तिला एकच हवं होतं. संस्था दरवर्षी तिशीच्या आतल्या एकाला दूरच्या दलदलीच्या पाहणीवर पाठवी, वर्षभर, फोटो काढायला. प्रदर्शनात पहिला येणारा जायचा. लेक एकोणतीस पूर्ण करत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा फोटो पहिला आला असता, पण पक्षी जवळ यावा म्हणून तिने फोनवर त्याचा आवाज वाजवला होता, आणि काकांनी ते कागदावर लिहिलं. चूक होती, तिला मान्य होती. आता हे शेवटचं वर्ष. हुकलं तर काथ्याची टोपली होतीच.

त्या वर्षी हळद्याच्या जोडीने टाकीलगतच्या तुतीवर घरटं केलं. फांदीच्या बेचक्यात झोळीसारखं टांगलेलं, कठड्यावरून बरोबर डोळ्यांच्या पातळीत. काकांनी ते अंडी फुटेपर्यंत कोणालाही सांगितलं नाही. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "उद्या सहाला तयार राहा. तीन पिल्लं आहेत, चार दिवसांची. कोणाला बोललीस तर तंगडं तोडीन."

बायको म्हणाली, "बापाचं प्रेम बघा कसं उतू चाललंय."

खरं तर ते प्रेमच होतं. त्यांच्याकडे ते याच रूपात यायचं.

सकाळी सव्वासहाला काकांनी घरट्यावरच्या तीन डहाळ्या निळ्या लोकरीने मागे बांधल्या. लेक कापडाच्या आडोशामागे बसली. काकांनी घड्याळ लावलं. आठव्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला. पंपघरात मोठ्या वॉल्व्हचा दांडा मोडला होता, पाणी मोटारींपर्यंत चढत होतं. काका कठड्यावरून उतरले आणि पळत सुटले. जाताना काही बोलले नाहीत. बोलायला वेळच कुठे होता.

अकराव्या मिनिटाला नर आला. चोचीत हिरवी अळी, अंगावर तिरपं ऊन, आणि तीन उघड्या चोची एकाच वेळी वर. लेकीने श्वास धरला आणि बटण दाबलं. हा तो फोटो.

वीस मिनिटं झाली. तिने आडोसा काढला, सामान भरलं आणि डहाळ्यांकडे पाहिलं. गाठ हाताच्या अंतरावर होती. एक टोक ओढायचा अवकाश. पण ती एकोणीस वर्षांची असताना तिने अशीच एक गाठ सोडली होती, तेव्हा काकांनी पट्टीने तिच्या बोटांवर असं मारलं होतं की दोन दिवस तिला बटण दाबता आलं नव्हतं. तिने हात मागे घेतला. फोनवर लिहिलं, 'माझं झालं. डहाळ्या सोडायला या. मला साडेसातला बाळ आहे.' निरोप पोचल्याची खूण उमटली. ती दहा मिनिटं थांबली. मग स्टुडिओत गेली.

काका गुडघाभर पाण्यात होते. त्यांचा फोन कपाटात, सुक्या कपड्यांच्या घडीत होता. साहेब काठावर उभं राहून ओरडत होते. वॉल्व्ह बसायला तीन वाजले. काकांनी हात पुसले, फोन काढला, वाचला, आणि ओल्या पायांनीच टाकीकडे धावले.

दिवसभर ऊन सरळ घरट्यात पडलं होतं. मादी काठावर उभी होती, पंख अर्धे पसरून, चोच उघडी टाकून. ती सावली करत होती. तिच्या खाली तिन्ही पिल्लं संपली होती. मुंग्यांची रांग फांदीच्या खालच्या बाजूने शिस्तीत वर चढत होती. काकांनी हात पुढे केला तरी मादी उडाली नाही. त्यांनी एकेक टोक ओढून तिन्ही गाठी सोडल्या. डहाळ्या जागेवर आल्या आणि घरट्यावर छान गर्द सावली पडली.

संध्याकाळी लेकीने दारातच विचारलं, "सोडल्यात ना?"

"हं," काका म्हणाले.

ते खोटंही नव्हतं.

फोटो परीक्षकांना दाखवला गेला आणि एकमताने पहिला ठरला. उरली फक्त तपासनिसाची सही. काकांनी तेव्हा सही केलीही असती. काय लिहायचं, तेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं: 'पिल्लं उडाली.' इतक्या वर्षांच्या सह्यांत पहिलं खोटं, तेही लेकीसाठी. पण त्याआधीच संस्थेतला बँकेचा कॅशिअर सहज म्हणून कठड्यावर चढला. घरट्यात तीन सुकलेली पिल्लं आणि सालीला चिकटलेला निळ्या लोकरीचा धागा, दोन्ही त्याला दिसलं. त्याने दोन्हीचा फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही लोकर ओळखा.'

दुपारपर्यंत शंभर जणांनी ओळखली. कोणी हसणारे चेहरे टाकले, कोणी नुसताच दोऱ्याचा गुंडा. एकाने लिहिलं, 'दाताच्या डॉक्टरांना कळवा रे कोणीतरी.'

त्या दिवशी ताटावर बसून काका फक्त भात चिवडत होते.

"ऊन लागलं असणार," लेक म्हणाली. "कधी सोडल्यात तुम्ही?"

"तू सोडायला हव्या होत्यास."

"मी? तुमची गाठ?"

"अडीअडचणीला माणूस डोकं वापरतो."

"एकदा वापरलं होतं. बोटं सुजली होती."

बायकोने पाण्याचा तांब्या मुद्दाम आपटून मध्ये ठेवला. "मेलेल्या पाखरांवरून जिवंत माणसांनी भांडायचं ते जेवण झाल्यावर भांडा."

पण भांडण झालंच नाही. काका उठून गेले. प्लांटवर पत्ते कुटणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "काय काका, आता चाकंच फिरवा गुपचूप. चाकं मरत नाहीत." काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना सारखं एकच दिसत होतं: भरलेलं सभागृह, टेबलावर ठेवलेला निळा धागा, आणि त्यामागे हसायचा प्रयत्न करणारा एक म्हातारा. या वेळी तो म्हातारा ते स्वतः होते.

रविवारी अकरा वाजता सभा भरली. सचिवबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, अजूनही वर्ग शांत करावा तसं सभागृह शांत करत. म्हणाल्या, "फोटोवर आक्षेप आलाय. काका, काय घडलं ते तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दावर इथे कोणी शंका घेणार नाही."

काका उभे राहिले. लेक तिसऱ्या रांगेत होती, शेजारी कॅशिअर. सगळ्यांच्या नजरा काकांच्या खिशाकडे होत्या.

"डहाळ्या मी बांधल्या," काका म्हणाले. "मला प्लांटवरून बोलावणं आलं. जाताना मी हिला सांगितलं, वीस मिनिटं झाली की टोक ओढ आणि सोड." त्यांनी खिशावर हात ठेवला. "हिने सोडल्या नाहीत. फोटो मिळाला आणि ही निघून गेली. माझी मुलगी आहे म्हणून मी लपवणार नाही. या फोटोवर मी सही करत नाही."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. काही जण उभे राहिले. सचिवबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "पोटच्या पोरीला!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात तत्त्व." ग्रुपवर दोऱ्याचा गुंडा टाकणारा माणूस पुढे येऊन काकांच्या पाया पडला.

लेक बसून राहिली. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर तो निरोप उघडा होता, तारखेसह आणि वेळेसह. कॅशिअरने मान तिरकी करून वाचला. त्याचा चेहरा उजळला.

"अगं, दाखव ना," तो कुजबुजला. "ऊठ. आत्ता ऊठ. तुझा बाप आडवा होतोय बघ."

तिने समोर पाहिलं. काकांच्या खांद्यावर चार जणांचे हात होते. ते हसत होते, आणि हसता हसता त्यांची नजर तिच्या हातातल्या फोनवर पडली. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या दिवशी वाचलेला तो निरोप त्यांना या क्षणी पहिल्यांदाच आठवला.

लेकीने फोन बॅगेत टाकला, चेन ओढली आणि कॅशिअरला म्हणाली, "तुम्हाला मजा हवीय. ती दुसरीकडे शोधा."

दलदलीवर दुसरा आलेला मुलगा गेला. त्याचा फोटो बगळ्याचा होता, बरा होता.

घरी आल्यावर बायकोने चपला काढायच्या आधीच लेकीला धरलं. सगळं तिच्या कानावर आलं होतं. "तू गप्प का बसलीस? तोंडात काय गूळ धरला होतास? दाखवायचा होतास तो मेसेज!"

काका बाहेरच्या खोलीत होते. दोन खोल्यांमध्ये पडदा होता, भिंत नव्हती. लेकीला ते माहीत होतं. तिने आवाज कमी केला नाही.

"दाखवला असता तर मी दलदलीवर गेले असते, आई. आणि हे? उद्यापासून यांना कोणी विचारलं असतं? मला फोटो काढता येतो. इथे नाही तर आणखी कुठे काढीन. यांना काय येतं? यांना फक्त बरोबर असता येतं. तेवढंही काढून घेतलं तर मागे काय उरतं?"

बायकोला नवऱ्याच्या बाजूने काही सुचलं असतं तर ती बोलली असती.

पडद्यापलीकडे काकांनी हे सगळं ऐकलं. त्यांना राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती, आणि तिथून ती हलत नव्हती. दिवेलागणीला ते पडदा सारून आत आले. हातात फोन. लेक पलंगावर बसून लेन्स पुसत होती.

"पोरी," ते म्हणाले, "हा तुझा मेसेज. हा कसा पुसायचा असतो?"

तिने वर पाहिलं. ते खरंच विचारत होते. त्यांना फोनमधलं एवढंच येत होतं: आलेला उचलायचा आणि आलेलं वाचायचं.

"इकडे द्या. नाही, तुमच्याच हातात राहू द्या," ती म्हणाली. "त्यावर बोट दाबून धरा. अजून. हं. आता वर डब्यासारखं चित्र आलंय, ते दाबा."

काकांचं बोट जाडजूड, वॉल्व्ह फिरवून घट्टे पडलेलं. दोनदा भलतीकडेच पडलं. तिने त्यांचं मनगट धरून बोट नेमकं जागेवर ठेवलं, जसं ती लहान असताना त्यांनी तिचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवलं असतं, जर त्यांनी कधी तसं केलं असतं तर. निरोप गेला. त्या जागी काहीच उरलं नाही.

काकांनी सुस्कारा सोडला. पण ते गेले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"आणि तुझ्याकडचा?"

लेन्स पुसणारा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, गोल, मधून कडेकडे.

"तो राहू दे."

"कशाला?"

"घाबरू नका. दाखवणार नाही कोणाला," ती म्हणाली. "उद्या तुम्ही म्हणाल मी मान हलवली होती. परवा म्हणाल, मी हो म्हणाले होते. तेरवा मलाही तसंच वाटायला लागेल. तेव्हा लागेल मला."

काका अजूनही तलावावर जातात. संस्थेतला त्यांचा शब्द आता पूर्वीपेक्षाही जड झाला आहे. नव्या सभासदांना ती सभा अजून सांगितली जाते. आणि खरोखरच, अलीकडे त्यांना आठवू लागलं आहे की कठड्यावरून उतरताना त्यांनी मागे वळून काहीतरी म्हटलं होतं. शब्द आठवतात. आपला आवाजही आठवतो. लेकीने मान हलवल्याचं मात्र ते अजून कोणाला सांगत नाहीत.

लेक त्याच स्टुडिओत आहे. रोज दोघं समोरासमोर बसून जेवतात. बोलणं बेताचं, पण अगदी नाही असं नाही. मीठ, पाणी, उद्याची पाळी. मधेच ती शेजारी ठेवलेला फोन उचलते, आणि काकांचा घास हातातल्या हातात थांबतो. ते ताटाकडे बघत वाट पाहतात.

बहुतेक वेळा ती फक्त किती वाजले ते बघत असते.